न्यूग्रेंजच्या दंतकथा खरंच पाच हजार वर्षं जुन्या आहेत का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही डब्लिनला राहता. ऑक्टोबरच्या सुट्टीत दहा वर्षांच्या मुलीला न्यूग्रेंज, म्हणजे पाच हजार वर्षं जुनं थडग्याचं टेकाड, दाखवायला नेणार आहात, कारण शाळेत तिला त्यावर प्रकल्प करायचा आहे. मागे एका सहलीच्या बसमध्ये तुम्ही ऐकलं की तिथल्या जुन्या गोष्टीतलं भावा-बहिणीचं पाप डीएनए तपासणीत खरं निघालं, म्हणजे ती गोष्ट पाच हजार वर्षं तोंडोतोंडी टिकली. तुमचे एक सहकारी मात्र म्हणतात, त्या सगळ्या भाकडकथा आहेत, दगड तेवढे बघून या. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकले. नंतर ११ वर्षं आयर्लंडमध्ये काम केलं, त्यातली बरीचशी मीथ परगण्यात. रस्ता किंवा घरं बांधण्याआधी जमीन उकरून तपासावी लागते, ते काम. न्यूग्रेंज तिथून जवळच, त्यामुळे तिथे किती वेळा गेले याची मोजदाद नाही. माझं मत विचाराल तर दोघांचंही जसंच्या तसं ऐकू नका. पण कोणाचं किती ऐकायचं, हे तुम्ही कोणत्या टेकाडाबद्दल आणि कोणत्या गोष्टीबद्दल बोलताय त्यावर ठरतं. न्यूग्रेंज, नाउथ आणि डाउथ ही बॉइन नदीच्या वळणातली तीन मोठी टेकाडं आहेत. तिघांच्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि बसमध्ये तुम्ही जे ऐकलंत त्यात दोन टेकाडांची सरमिसळ झाली आहे.

मी नाशिकची. लहानपणी आम्ही पांडवलेण्यांवर जायचो तेव्हा आजी सांगायची, वनवासात असताना पांडवांनी एका रात्रीत ही लेणी कोरली. कॉलेजात गेल्यावर तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा शिलालेख वाचायला शिकले. तिथे दान कोणी दिलं, कोणत्या भिक्खूंना दिलं, सगळं दगडावर लिहिलेलं आहे. मग आजी खोटं बोलली का? नाही. तिच्या गोष्टीतून लेणी कोणी कोरली ते कळत नाही, पण भिक्खू निघून गेल्यानंतर गावातल्या माणसांनी त्या लेण्यांना आपलंसं कसं केलं ते कळतं. पुरावा तोही आहे, फक्त वेगळ्या काळाचा आणि वेगळ्या माणसांचा. न्यूग्रेंजला गेल्यावर मनात हाच प्रश्न धरा: समोरची गोष्ट नक्की कोणाबद्दल काही सांगते आहे?

आता टेकाड. न्यूग्रेंज इ.स.पू. ३२०० च्या आसपास बांधलं, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या साधारण ६०० वर्षं आधी. व्यास सुमारे ८५ मीटर, उंची १२-१३ मीटर. पायथ्याशी ९७ मोठे दगड कडेला कड लावून बसवलेत. आत १९ मीटर लांबीचं अरुंद भुयार आहे आणि त्याच्या टोकाला तीन कोनाड्यांचं दालन. दालनाचं छत जवळपास ६ मीटर उंच आहे. दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत वर नेलाय आणि शेवटी एका शिळेने तोंड बंद केलंय. चुना नाही, गारा नाही, तरी पाच हजार वर्षांत ते छत कोसळलेलं नाही.

हा काळ कसा कळला ते मुलीला आवर्जून सांगा, कारण मला ती या जागेची सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. कॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक मायकल ओ'केली यांनी १९६२ ते १९७५ इथे उत्खनन केलं. भुयाराच्या छताचे दगड वरून मोकळे केले तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. दगडांच्या वरच्या अंगाला पन्हळी कोरलेल्या होत्या, म्हणजे टेकाडातून झिरपणारं पाणी बाजूला वाहून जावं. आणि दगडांच्या फटी जळक्या मातीने आणि समुद्रकाठच्या वाळूने बुजवलेल्या होत्या. त्या जळक्या मातीतल्या कोळशावरून कार्बन पद्धतीने वय निघालं. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर घरावर चढून कौलं सारखी करतात ना, तसंच कोणीतरी तिथे बसून एकेक फट बुजवली आणि त्या कामातून आपल्याला तारीख मिळाली. काही दगडांच्या वरच्या, म्हणजे कायमच्या झाकल्या जाणाऱ्या बाजूंवरही नक्षी कोरलेली आहे.

गोष्टींकडे वळू. 'न्यूग्रेंज' हे नाव अलीकडचं आहे. जवळच्या मेलिफाँट मठाची (स्थापना ११४२) इथे शेतवाडी होती, त्यावरून ते पडलं. जुन्या आयरिश साहित्यात या जागेला 'ब्रू' म्हणतात, आणि ते देवांचं घर आहे. बोअन ही नदीची देवी. तिच्या नावाचा अर्थ पांढरी गाय, आणि बॉइन नदी म्हणजे तीच. तिचा नवरा एल्कमार. देवांचा थोरला, दाग्दा, याला बोअन हवी असते. तो एल्कमारला कामगिरीवर धाडतो आणि सूर्याला नऊ महिने जागच्या जागी थांबवून ठेवतो. मूल त्याच 'एका दिवसात' पोटात राहतं आणि त्याच दिवशी जन्मतं. त्याचं नाव एंगस. मोठा झाल्यावर एंगस एल्कमारकडे जाऊन 'एक दिवस आणि एक रात्र' ब्रूचं राज्य मागतो. मुदत संपल्यावर एल्कमार परत मागायला येतो, तेव्हा एंगस म्हणतो, सगळा काळ दिवस आणि रात्र यांचाच तर बनलेला असतो, मग आता हे कायमचं माझंच! वामनाची तीन पावलं ऐकून मोठ्या झालेल्या आपल्या मुलांना ही युक्ती चटकन कळते.

याच गोष्टीचं दुसरं रूपही आहे. बाराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात फसवला जातो तो एल्कमार नाही, खुद्द दाग्दा. आणखी एका आख्यायिकेत कॉर्मक नावाचा राजा मरताना सांगतो, मला ब्रूमध्ये पुरू नका, कारण तिथे मूर्तिपूजकांचं दफन होतं. ही गोष्ट उघडच ख्रिस्ती झालेल्या आयर्लंडमधली आहे. म्हणजे लिहिणाऱ्यांच्या काळातही कथा थिजलेली नव्हती. सांगणारा बदलला की मालक बदलत होता आणि तात्पर्यही.

डाउथची गोष्ट वेगळी आहे, आणि बसमध्ये तुम्ही ऐकली ती हीच. आयरिश साहित्यात स्थळनामांच्या कथांचा मोठा संग्रह आहे, त्याला दिन्शेनखस म्हणतात. आपल्या शब्दांत स्थळपुराण म्हणा. त्यात अशी कथा येते: ब्रेसल राजाच्या काळात गुरांवर रोग आला आणि एक बैल आणि सात गायी एवढंच उरलं. राजाने सगळ्या आयर्लंडला कामाला लावलं की स्वर्गाला भिडणारा मनोरा एका दिवसात उभा करा. त्याच्या बहिणीने मंत्राने सूर्य थांबवला, म्हणजे दिवस संपू नये. पण राजाने बहिणीशीच संग केला. मंत्र तुटला, अंधार पडला, काम अर्धवट टाकून लोक निघून गेले. म्हणून जागेचं नाव डुबाड, अंधाराची जागा. डाउथ हे त्याचंच रूप.

आता डीएनए. जून २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या लारा कॅसिडी, डॅन ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. न्यूग्रेंजच्या दालनातल्या एका पुरुषाच्या कानाजवळच्या हाडातून त्यांनी जनुकीय माहिती मिळवली. हे हाड कवटीच्या तळाशी असतं, लहानसं पण फार घट्ट, म्हणून त्यात डीएनए चांगला टिकतो. त्यावरून दिसलं की त्या माणसाचे आईवडील एकमेकांचे अगदी जवळचे रक्ताचे नातलग होते, बहीण-भाऊ किंवा आई-मुलगा, बाप-लेक असे. लेखकांनी सुचवलं की इजिप्तच्या काही राजघराण्यांसारखी इथेही स्वतःला दैवी मानणारी सत्ता असेल, आणि डाउथच्या कथेकडेही बोट दाखवलं. वर्तमानपत्रांत त्याचा मथळा झाला 'न्यूग्रेंजचा राजा'.

प्रयोगशाळेच्या निष्कर्षाबद्दल मला शंका नाही. आईवडिलांचं नातं जवळचं होतं, हे पक्कं धरा. माझी अडचण पुढच्या उड्यांची आहे. पहिली उडी: जवळच्या नात्यातून जन्म, म्हणून राजा. २०२५ मध्ये 'अँटिक्विटी' या नियतकालिकात जेसिका स्मिथ, नील कार्लिन आणि इतरांनी यावर सविस्तर आक्षेप घेतला आहे, आणि तो मला पटतो. हाडाचा तुकडा एकच आहे आणि तो ढवळलेल्या थरातून आलाय. १६९९ मध्ये जमीनमालकाच्या माणसांना दगड काढताना भुयाराचं तोंड सापडलं. तेव्हापासून उत्खनन होईपर्यंत अडीचशेहून जास्त वर्षं लोक आत जात-येत होते. आत मिळालेली हाडं तुकड्या-तुकड्यांची, काही जळालेली, काही न जळालेली, मिळून निदान पाच माणसांची.

मी स्वतः माती चाळून अशी हाडं वेचली आहेत. एका कामावर जुन्या दफनाचा खड्डा नंतरच्या काळात कोणीतरी पुन्हा उकरला होता. दात एका थरात, त्याच माणसाचा वाटावा असा जबड्याचा तुकडा दुसऱ्या थरात. हे हाड इथे मानाने ठेवलं होतं की नंतर ढकललं गेलं, यावर आम्ही चौघांनी तीन दिवस वाद घातला आणि शेवटी नोंदवहीत 'जागा विश्वसनीय नाही' असं लिहिलं. तेव्हापासून एका तुकड्यावर राज्य उभं करायला माझा हात धजत नाही.

दुसरी उडी जास्त मोठी आहे: डीएनएत जवळचं नातं, कथेत जवळचं नातं, म्हणून ही स्मृती पाच हजार वर्षं टिकली. इथे मी तीन गोष्टी तपासते.

आधी मधलं अंतर. बांधकाम इ.स.पू. ३२०० चं. या देवकथांची सर्वांत जुनी रूपं भाषेवरून साधारण आठव्या-नवव्या शतकातली धरतात, आणि हातात असलेली हस्तलिखितं अकराव्या-बाराव्या शतकापासूनची. म्हणजे मध्ये चार हजार वर्षं. ज्ञानेश्वरीपासून आपण जेवढे दूर आहोत त्याच्या पाचपटीहून जास्त. आणि ही चार हजार वर्षं सरळ गेलेली नाहीत. इ.स.पू. २५०० नंतर तांबं आणि पुढे कांसं वापरणारे नवे लोक आले आणि काही शतकांत बेटावरच्या माणसांचा वंश मोठ्या प्रमाणात बदलला. हेही प्राचीन डीएनएच सांगतो. ज्या आयरिश भाषेत या कथा आहेत ती टेकाड बांधणाऱ्यांनंतर आलेली. स्मृती टिकायला सांगणारा लागतो. इथे सांगणारे बदलले, त्यांची भाषाही बदलली.

मग कथेतला धागा इतरत्र किती आढळतो ते पाहायचं. सूर्य थांबवणं बायबलमध्ये आहे, आणि या कथा लिहून ठेवणारे मठांतले ख्रिस्ती लेखनिक होते. स्वर्गाला भिडणारा मनोरा तर सरळ बायबलमधल्याच बाबेलच्या मनोऱ्याची आठवण करून देतो. राजाच्या पापाने काम बिघडणं हे जगभर आढळतं. जो धागा सगळीकडे सापडतो तो एका थडग्याच्या खासगी आठवणीचा पुरावा म्हणून फार वजन धरत नाही.

तिसरी तपासणी मी इथे शिकले आणि मला ती सर्वांत उपयोगी वाटते. कथा रचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असं काही होतं का, ज्यातून कथा सुचावी? डाउथच्या दक्षिणेकडच्या भुयारात हिवाळ्यात अयनदिनाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या, सुमारास मावळतीचं ऊन शिरतं. आता अल्स्टरच्या बखरीत ८६३ सालची नोंद आहे की परकीयांनी, म्हणजे व्हायकिंगांनी, इथल्या 'गुहा' धुंडाळल्या. त्यात नाउथ आणि डाउथची जुनी नावं स्पष्ट येतात. नाउथच्या भुयारात तर त्या काळातल्या माणसांनी दगडांवर आपली नावं खरडून ठेवली आहेत. म्हणजे कथा घडत होत्या त्या शतकांत यांपैकी काही भुयारांत माणसं जात होती. डाउथला मावळतं ऊन आत येऊन नाहीसं होताना नवव्या शतकातल्या कोणी पाहिलं असेल, तर 'सूर्य थांबला आणि मग अंधार पडला' ही कथा सुचायला चार हजार वर्षांची स्मृती लागत नाही. एक संध्याकाळ पुरते.

आणखी एक तपशील लोक विसरतात. हाड न्यूग्रेंजचं आणि पापाची कथा डाउथची. दोन्हींत दोनेक किलोमीटरचं अंतर आहे. शिवाय एंगस ब्रू बळकावतो तो सामेनच्या सणाला, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला. न्यूग्रेंजच्या भुयारात ऊन शिरतं ते डिसेंबरातल्या अयनदिनाला, ते पुढे सांगतेच. त्याची स्मृती जपायची असती तर कथेने डिसेंबरची वेळ सोडली नसती.

म्हणून तुमच्या सहकाऱ्यांचं बरोबर, असंही मी म्हणणार नाही. दोन कारणं आहेत. टेकाडाच्या पुढच्या बाजूला रोमन नाणी आणि सोन्याचे दागिने सापडले आहेत. नाणी इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतली, आणि आयर्लंड तर रोमन साम्राज्यात कधीच नव्हतं. ती पडून गेलेली नाहीत, वाहिलेली आहेत असंच बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे हस्तलिखितांच्या कितीतरी आधी लोक या टेकाडाला देवस्थान मानून तिथे मौल्यवान वस्तू ठेवत होते. दाग्दा आणि एंगस यांच्या घराची कल्पना निदान त्या काळापर्यंत मागे जात असावी, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दुसरं कारण ओ'केलींचं. परिसरातले लोक त्यांना सांगायचे की अयनदिनाला सूर्य थडग्यात उतरतो. स्वतः पाहिलेलं कोणी भेटेना. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या शिळावर्तुळाची गोष्ट इथे चिकटली असावी, असं त्यांना आधी वाटलं. पण १९६३ मध्ये दरवाजाच्या वर दगडी चौकटीची एक खिडकीवजा फट उघडी झाली होती, तिचं प्रयोजन काही कळत नव्हतं. म्हणून २१ डिसेंबर १९६७ ला पहाटे ते एकटे आत जाऊन बसले. ८ वाजून ५८ मिनिटांनी उन्हाची बारीक रेघ त्या फटीतून आत आली, जमिनीवरून सरकत दालनात पोचली, रुंदावली, आणि १७ मिनिटांनी नाहीशी झाली. ती लोकांची बोलवा किती जुनी होती? अठराव्या शतकापासून अभ्यासक या टेकाडांना सूर्यपूजेशी जोडत होते, त्यामुळे ती पुस्तकांतून गावात उतरलेलीही असू शकते. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की ओ'केलींनी ती बोलवा आंधळेपणाने मानली नाही आणि उडवूनही लावली नाही. ते थंडीत आत जाऊन बसले.

तेव्हा एका दमात सांगायचं तर: बांधणारे इ.स.पू. ३२०० चे आणि त्यांच्याबद्दल दगड, माती, हाडं बोलतात. नाणी वाहणारे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांचे. कथा लिहिणारे साधारण ८०० ते १२०० चे. 'पापाची स्मृती' ही जोडणी २०२० ची, आणि माझ्या मते ती सिद्ध झालेली नाही. मुलीला प्रकल्पात हे चार थर एकाखाली एक काढायला सांगा, आम्ही खड्ड्याची कड कागदावर काढतो तसे. सर्वांत खाली बांधणारे, वर आजचे. प्रत्येक गोष्ट योग्य थरात लिहिली की बाई कितीही उलटतपासणी घेवोत. ब्रेसलची कथा दहाव्या वर्षी सांगायची की नाही ते तुम्ही ठरवा. मी भाचीला सांगितली तेव्हा मनोरा आणि थांबलेला सूर्य एवढंच सांगितलं होतं, आणि तिला तेवढी पुरली.

कोणीतरी विदर्भातल्या शिळावर्तुळांशी याचा संबंध आहे का असंही विचारेल, म्हणून आताच सांगते: जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथली वर्तुळं लोहयुगातली, न्यूग्रेंजहून दोन हजारांहून जास्त वर्षांनी नंतरची. मृतांसाठी मोठे दगड रचणं अनेक समाजांना स्वतंत्रपणे सुचलेलं आहे.

जाताना थोडं लक्षात ठेवा. प्रवेश नदीपलीकडच्या पर्यटक केंद्रातून आहे, तिथून बसने टेकाडापर्यंत नेतात. तिकीट आधीच काढा. समोर दिसणारी पांढऱ्या गारगोट्यांची उभी भिंत उत्खननानंतर पुन्हा रचलेली आहे. दगड मूळचेच, विकलोच्या डोंगरांकडून आणलेले, पण ते असे उभे होते की दारासमोर पसरलेले होते यावर अजून वाद आहे. दारातल्या शिळेवरच्या सर्पिल रेघांपाशी मुलीला थोडा वेळ उभं राहू द्या. आत फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. भुयारात एके ठिकाणी तिला नाही पण तुम्हाला वाकावं लागेल. दालनात पोचलात की उजवा कोनाडा नीट पाहा, नक्षी तिथे सर्वांत दाट आहे. मग मागच्या कोनाड्यात, आत वळल्यावर उजव्या हाताच्या दगडावर, तीन वेटोळ्यांची नक्षी शोधा. लहान आहे, आणि दारातून दिसत नाही. ती बघून झाली की मार्गदर्शक दिवे मालवतील आणि भुयाराच्या तोंडाकडून विजेच्या दिव्याने सूर्याची रेघ आत सोडतील. त्या वेळी मुलीला पुढे, पायाखालची जमीन दिसेल अशा जागी उभं करा.